बिनआंघोळीची सुनावणी

माझ्या नणंदेला घरात सगळे मुकादम म्हणतात. हे नाव तिच्या धाकट्या भावानं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, लहानपणी ठेवलं, आणि ते तिला इतकं चपखल बसलं की सासूबाईसुद्धा चिडल्या की "ऐका हो मुकादम" असं सुरू करतात. चाकांच्या खुर्चीत बसून ती अख्खं घर हाकते. दिवा कोणी चालू ठेवला, ओला टॉवेल कोणी पलंगावर टाकला, कोणाच्या शर्टाचं बटण लोंबतंय, सगळं तिला दिसतं, आणि दिसलं की ती बोलते. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला वाटलं, ही बाई काही मला सुखानं जगू देत नाही. पण मीही काही कमी नाही. मी बसवर कंडक्टर आहे. भरल्या गाडीत "पुढे सरका" ओरडून ओरडून माझा गळा असा झालाय की मी कानात सांगितलेलं गुपितही शेजारच्यांना कळतं. आमची दोघींची जुंपली की सासूबाई आपल्या खोलीचं दार लावून घेतात.

शाळेत असताना मुकादम जिन्यावरून पडली आणि मणक्याला मार बसला. कमरेखाली तिला काही कळत नाही. पाय हलत नाहीत, लघवीचं कळत नाही, त्यासाठी नळी आणि पिशवी आहे. रात्री तिची कूस बदलावी लागते, नाहीतर जखमा होतात. हे मी असं सरळ सांगतेय, पण आमच्या घरात ते कधीच कोणी बोलायचं नाही. सासूबाईंनी पहिल्यापासून एकच धोरण ठेवलं होतं. कोणीही विचारलं, नातेवाईक असो की शेजारी, की हसून सांगायचं, "आमची लेक ना? सगळं स्वतःचं स्वतः करते." पाहुणे यायच्या आधी पिशवी पांघरुणाखाली, औषधं कपाटात, आणि मुकादम कडक इस्त्रीच्या कपड्यांत, केस चापूनचोपून, खुर्चीत ताठ. लोक म्हणायचे, बाई, काय टापटीप! त्या टापटिपीमागे रोज सकाळी किती झटापट होते हे त्यांना कुठून कळणार?

ती झटापट करायला मावशी यायच्या. मावशी म्हणजे आमच्या नात्यातल्या नव्हेत. अपंगांच्या योजनेतून मुकादमला मदतनीस मिळाली होती, तिला आम्ही मावशी म्हणायचो. सकाळी येऊन तिला उठवायचं, शौचाचं बघायचं, आंघोळ घालायची, पाठ तपासायची, कपडे घालून खुर्चीत बसवायचं, आणि संध्याकाळी हेच सगळं उलट. शिवाय महिन्याचा थोडा भत्ता मिळायचा. मावशींचे हात भक्कम होते आणि तोंड त्याहून भक्कम. मुकादमला उचलताना त्या म्हणायच्या, "अंगानं काडी आणि रुबाब हत्तीचा!" मुकादम खळखळून हसायची. मावशींनी काहीही म्हटलेलं तिला चालायचं.

आता मुकादमच्या नोकरीचं सांगते. आमच्या गल्लीच्या टोकाला कवळ्या बनवण्याचं एक छोटं दुकान आहे. दातांचे डॉक्टर माणसाच्या तोंडाचा साचा पाठवतात आणि इथे त्यावरून दात बनतात. प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, स्पिरिटच्या दिव्यावर गरम होणारी लहानशी सुरी, गुलाबी मेणाचा वास, आणि कोपऱ्यात पॉलिशच्या यंत्राची घरघर. मी पहिल्यांदा आत गेले तेव्हा मला शिसारी आली. तिकडे मुकादम मात्र मेणात एकेक दात बसवत अशी रमलेली असते की हाक मारली तर ओरडते. एकदा मी म्हटलं, "ताई, हा एक दात वाकडा बसलाय." त्यावर केवढी खेकसली माझ्यावर! "मुद्दाम बसवलाय. सगळे एका रेषेत लावले तर माणूस हसला की लोक दात बघतात, माणूस नाही."

तिथे ती अर्धा दिवस जायची. पगार ठरावीक मर्यादेच्या आत असला तर योजनेवाल्यांची हरकत नव्हती. मग दुकानातल्या जुन्या कारागिरांची नजर अधू झाली, त्यांनी काम सोडलं, आणि मालकांनी मुकादमला सांगितलं की उद्यापासून हे टेबल तुमचं. पूर्णवेळ काम, हाताखाली दोन मुली, पगार दुप्पट. ती घरी आली तेव्हा तिचा चेहरा बघायला हवा होता. एरवी ती नाकावर माशी बसू देत नाही, पण त्या दिवशी मी टॉवेल पलंगावर टाकला तरी ती काही बोलली नाही. नवऱ्यानं विचारलं, "बरं वाटत नाहीये का?"

आनंद टिकला तो योजनेच्या कार्यालयात जाईपर्यंत. मीच तिला घेऊन गेले होते, कळवायला की पगार वाढणार आहे. खिडकीतल्या कारकुनानं मान वर न करता सांगितलं, "मग भत्ता बंद होईल. आणि मदतनीसही."

"भत्त्याचं समजलं," मुकादम म्हणाली. "मदतनीस का?"

"पूर्ण पगारावर काम करणाऱ्या माणसाला मदतनीस कशाला? बाई, तुम्ही एकतर समर्थ आहात, नाहीतर असमर्थ. दोन्ही कसं असेल?"

"मी दात बसवायला समर्थ आहे आणि पलंगावरून उठायला असमर्थ. यात न कळण्यासारखं काय आहे?"

"ते मला माहीत नाही. नियम आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "अहो, ती मदतनीस उठवते म्हणून ही कामाला जाते! ती काढली तर ही जाणार कशी? उडत?" मागच्या रांगेतले लोक हसले. कारकुनानं खिडकीची झडप अर्धी खाली ओढली.

त्या संध्याकाळी घरात नुसता कल्ला. सासूबाई म्हणाल्या, नको ते मोठं काम, आहे ते बरं आहे. नवऱ्याचंही तेच. तो सामान पोचवणारी गाडी चालवतो, उजाडायच्या आत निघतो, त्याला रोजचं सकाळचं जमणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मालक स्वतः घरी आले. भला माणूस. म्हणाले, "एवढं काय त्यात? निम्मा पगार कागदावर दाखवू, निम्मा हातात देतो. अळीमिळी गुपचिळी."

मला खरं सांगायचं तर ते पटलं होतं. मुकादमनं मात्र त्यांना असं झापलं की बिचारे पाणी न पिताच उठले. "मी काय चोरी केलीय? काम करतेय. कामाचा पगार घेतेय. मग तो चोरासारखा का घेऊ? उद्या कोणी विचारलं तर मान खाली मी घालायची का?"

मालक गेल्यावर मी तिच्या खोलीत गेले. म्हटलं, "ताई, मावशी गेल्या तर जाऊ देत. मी दुपारची पाळी मागून घेते. सकाळचं तुमचं मी करीन."

"नाही."

"का? माझे हात काय मावशींपेक्षा वाईट आहेत?"

तिनं मला पलंगावर बसायला खुणावलं. मग म्हणाली, "अगं, तू मला रोज धुवायला लागलीस ना, की मी तुझ्याशी भांडू शकणार नाही. तू कितीही चुकलीस तरी माझं तोंड बंद. आणि तुझंही. तू मनात चिडशील आणि वरून गोड बोलशील. मला या घरात नणंद म्हणून राहायचंय. तुझं ओझं म्हणून नाही." मला एकदम रडू आलं. ते लपवायला मी म्हटलं, "बरं, मग टॉवेलवरून भांडू या का आता?" तीही हसली, पण डोळे तिचेही भरले होते.

तिनं काम स्वीकारलं आणि योजनेच्या कार्यालयाला तसं कळवलं. लगेच नाही, पण थोड्या दिवसांनी तपासणीवाल्या बाई घरी येऊन गेल्या. न कळवता आल्या. मुकादम दुकानात होती, मी बसवर. घरात एकट्या सासूबाई. झालं! त्या बाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, लेकीला काय काय करता येतं? आणि सासूबाईंनी जन्मभराची टकळी सुरू केली. "सगळं स्वतःचं स्वतः करते हो. कोणावर भार नाही. कपडे बघाल तर कडक इस्त्रीचे!" वर चहा करून पाजला. मावशींबद्दल विचारलं तेव्हा म्हणाल्या, "त्या आपल्या गप्पा मारायला येतात."

पुढच्या महिन्यापासून मदतनीस बंद होणार असल्याची नोटीस आली, आणि तिच्यात हे सगळं शब्द न शब्द होतं. हरकत असेल तर एक तारखेला, मंगळवारी, मोठ्या साहेबांपुढे सुनावणीला हजर राहायचं. मुकादमनं ते मोठ्यानं वाचलं. सासूबाई भिंतीला टेकून खाली बसल्या.

"आई, गप्पा मारायला?" मुकादमचा आवाज चढला नाही, आणि तेच जास्त वाईट होतं. "मावशी माझी घाण काढतात, आई. माझ्या पाठीवर जखम होऊ नये म्हणून रोज हात फिरवतात. तू त्याला गप्पा म्हणालीस?"

"लोक हसतील म्हणून गं," सासूबाई एवढंच म्हणत राहिल्या. "तुला कोणी बिचारी म्हणू नये म्हणून."

"मग आता कोणी म्हणणार नाही. आता मी पलंगावरच राहीन."

मावशींचा शेवटचा दिवस झाला. जाताना त्यांनी मुकादमच्या पाठीवरून आणखी एकदा हात फिरवला. मंगळवारी पहाटे नवऱ्यानं निघायच्या आधी बहिणीला उचलून खुर्चीत ठेवलं आणि तो कामावर गेला. मी पाणी तापवलं, कपडे काढून ठेवले, म्हटलं, "ताई, आजच्या दिवस तरी माझं ऐका. सुनावणीला असं जाऊ नये."

"असंच जायचं."

"म्हणजे?"

"म्हणजे असंच. या गाऊनमध्ये. केस असेच. पिशवी अशीच. त्यांनी मदतनीस काढली ना? मग मदतनीस नसली की मी कशी दिसते ते त्यांनी बघावं. मी का आंघोळ करून त्यांची अब्रू झाकू?"

मी कपाळाला हात लावला. ही बाई, जी बटण तुटलेल्या माणसाला घराबाहेर पडू देत नाही! सासूबाई धावत चादर घेऊन आल्या आणि तिच्या मांडीवर टाकायला लागल्या. मुकादमनं ती काढून फेकून दिली. सासूबाईंनी परत टाकली. तिनं परत फेकली. तिसऱ्यांदा सासूबाई चादर उराशी धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मग मीही येते."

निघालो आमची वरात घेऊन. फुटपाथ जागोजागी उखडलेला, कडेला उतार नाही, म्हणून खुर्ची भर रस्त्यातून ढकलायची. मागून भोंगे. माझी तर सगळी भीडच चेपली. "अहो, थांबा जरा! माणूस चाललंय, सामान नाही!" माझा आवाज ऐकून एक ट्रकवाला खरंच थांबला. भाजीवाला, वाणी, इस्त्रीवाला, ज्यांनी मुकादमला आजवर नेहमी कडक कपड्यांत बघितलं होतं, ते सगळे बघत होते. विस्कटलेले केस, सुरकुतलेला गाऊन, खुर्चीच्या कडेला लोंबणारी भरलेली पिशवी. आणि वास. वास होता, मी खोटं कशाला बोलू? इस्त्रीवाल्यानं घाबरून विचारलं, "ताई, काय झालं?" ती म्हणाली, "बढती झाली." मान मात्र तशीच ताठ. सासूबाई हातातली चादर चुरगाळत मागून चालत होत्या.

कार्यालयात पायऱ्या होत्या. अपंगांच्या योजनेचं कार्यालय, आणि पायऱ्या! शिपाई आणि मी मिळून खुर्ची वर चढवली. बाहेरच्या बाकावर बसलेले लोक सरकून बसले, मग जरा आणखी सरकले. आमचा पुकारा झाला.

मोठे साहेब वयस्क होते, बोलायला सभ्य. मुकादमला बघून त्यांनी आधी चष्मा काढला, मग परत घातला. "तब्येत ठीक नाही का? आपण पुढची तारीख देऊ."

"तब्येत ठणठणीत आहे साहेब. तुमचा निर्णय आज लागू झालाय. हा तो निर्णय."

साहेबांनी फाइल चाळली. "पण इथे तर लिहिलंय, सगळं स्वतःचं स्वतः करतात. तुमच्या आईंचंच सांगणं आहे."

मी तोंड उघडणार, एवढ्यात सासूबाई पुढे झाल्या. एरवी चारचौघांत ज्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही त्या सासूबाई. म्हणाल्या, "ते खोटं आहे साहेब. तिला उठता येत नाही. तिला न्हाता येत नाही. लघवी झालेली कळत नाही. मला आता उचलवत नाही. मला लाज वाटायची, म्हणून मी खोटं बोलत आले. तिला नाही वाटत. बघा ना, कशी आलीय." आणि एवढं बोलून त्या हातातल्या चादरीत तोंड घालून रडल्या. मुकादमनं हात लांब करून त्यांचा पदर... छे, पदर कुठला, बाहीच हाताला लागली, ती धरून ठेवली.

साहेबांनी फाइल मिटली. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बघा, मला वाईट वाटतं. पण यावर सोपा उपाय आहे. तुम्ही काम सोडल्याचं आज कळवा. उद्यापासून मदतनीस परत सुरू."

"आणि मी उठून, न्हाऊन, कपडे घालून कुठे जाऊ? भिंतीकडे बघत बसू?"

"तसं नाही, पण..."

"साहेब, तुम्हाला कोणी सांगितलं का, की नोकरी सोडा, मग तुमच्या घरच्या जिन्याला पायऱ्या देतो? मला कामही हवंय आणि मदतनीसही हवीय. भत्ता घ्या तुमचा. तो मी कमवीन. मदतनीस मी स्वतःच्या पैशानं ठेवली असती, पण माझा अख्खा पगार तिच्यातच गेला तर मी काम करू कशासाठी?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "एक तरतूद आहे तशी. कामावर जाण्यासाठी मदत आवश्यक असेल तर विशेष बाब म्हणून मला ती चालू ठेवता येते." आणि मग, अगदी सहज, त्यांनी पुढचं वाक्य म्हटलं. "पण आजवर ती मागायला कोणी आलंच नाही."

मुकादम हसली. असं हसणं मी तिच्या तोंडून आधी कधी ऐकलं नव्हतं. "येतील कसे साहेब? इथवर यायचं तर आधी त्यांना कोणीतरी अंथरुणातून उठवायला नको का?"

दारातला शिपाई उगाच खिडकी उघडायला गेला. साहेब लाल झाले होते, आणि मला वाटतं ते रागानं नव्हे. त्यांनी फाइलवर काहीतरी लिहिलं, खाली सही केली आणि वाचून दाखवलं. सकाळची मदत विशेष बाब म्हणून चालू. संध्याकाळची मिळणार नाही. भत्ता बंद.

"विशेष काय त्यात?" मुकादम म्हणाली. "सकाळी उठायचं आणि कामाला जायचं, हे काय विशेष आहे?"

मी मागून तिचा खांदा दाबला. मिळालंय ते पदरात पाडून घ्या, असा त्याचा अर्थ. तिनं माझा हात झटकला. "संध्याकाळचे पैसे मी माझ्या पगारातून मावशींना देईन. पण सहा महिन्यांनी मी परत येईन साहेब. संध्याकाळसाठी. आणि तेव्हा खाली उतार नसला तर तुम्हीच मला वर उचलून आणायचं."

बाहेर बाकावर दोन काठ्या मांडीवर घेतलेला एक तरुण बसला होता. दार उघडंच राहिलं होतं, त्यानं सगळं ऐकलं असावं. त्यानं हळूच विचारलं, "त्याला काय म्हणायचं ताई? विशेष...?"

"विशेष बाब," मुकादम एवढ्या मोठ्यानं म्हणाली की माझाही आवाज तिच्यापुढे फिका पडावा. पार खिडकीतल्या कारकुनापर्यंत गेला असणार. "नीट लक्षात ठेव. आणि दाढी न करता ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आल्या. आल्या म्हणजे, जरा उशिरानंच आल्या, कारण कार्यालयातून त्यांना निरोपच उशिरा मिळाला होता. तोवर आतून मुकादमनं घर डोक्यावर घेतलं होतं. मावशींची चप्पल दारात वाजली तशी ती पलंगावरूनच कडाडली, "काय हो, ही काय यायची वेळ झाली? पाय उचला जरा! माझ्या हाताखालच्या मुली दुकानापाशी येऊन थांबल्या असतील, आणि गावातली निम्मी माणसं दातांवाचून बसलीत!"